अळणी पाण्याची जुनी गोष्ट

 

पावसाळा सरत आला की घरटी एक तरी माणूस सर्दी-तापानं अंथरुणावर असतं. मग सल्ल्यांना तोटा नसतो. कुणी काढा सांगतं, कुणी भात बंद करायला सांगतं. आणि खाणारं घर असेल तर हमखास कुणीतरी म्हणतं, "एक गावरान कोंबडी कापा आणि नुसतं अळणी पाणी पाजा, उद्या उठून बसेल."

सांगणाऱ्याचं काय जातं? परसातली कोंबडी म्हणजे बाईची बँक. तिच्या अंड्यांवर पोरांच्या वह्या येतात, अडीनडीला गटाचा हप्ता निघतो. ती कापायची तर त्यातून रोग्याला नेमकं काय मिळतं, हे विचारायला नको का? आज मी तुम्हाला याचीच गोष्ट सांगणार आहे. ही गोष्ट आपल्या चुलीपासून निघते आणि इजिप्त, पॅरिस, इंग्लंड, अमेरिका असं फिरून परत आपल्याकडे येते. माळकरी मैत्रिणींनी लगेच रेडिओ बंद करू नका, पुढे तुमच्याही कामाचं आहे.

आधी आपल्या घरातलंच बघू. 'अळणी' म्हणजे खरं तर बिनमिठाचं. पण आपण अळणी करताना हळद, आलं-लसूण आणि मीठ घालतोच. नसतं ते तिखट आणि मसाला. कोंबडी किंवा मटण शिजलं की ते पिवळसर पाणी आधी बाजूला काढायचं, लहान मुलांना, म्हाताऱ्यांना, आजाऱ्याला द्यायचं, आणि मग उरलेल्याला तिखट रश्श्याची फोडणी द्यायची. ही रीत आपल्याला इतकी सवयीची आहे की ती कुणी लिहून ठेवली असेल असं वाटतही नाही. पण लिहून ठेवली आहे. चरकसंहिता हा वैद्यकाचा ग्रंथ सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. त्यात मांस उकळून काढलेल्या पाण्याला 'मांसरस' म्हटलं आहे आणि त्याचे दोन प्रकार सांगितले आहेत, अकृत आणि कृत. अकृत म्हणजे तूप, मीठ, मसाला यांचा संस्कार न केलेला. कृत म्हणजे केलेला. पोट साफ करण्याचे मोठे उपचार झालेल्या रोग्याला आधी पातळ पेज, मग दाट पेज, मग कडधान्याचं कढण, मग अकृत मांसरस आणि शेवटी कृत मांसरस, असा पायरीपायरीनं चढता क्रम दिला आहे. आधी अळणी, मग फोडणीचा रस्सा. आपल्या आज्या हा ग्रंथ वाचायला गेल्या नव्हत्या, तरी क्रम तोच.

त्याच ग्रंथात कोणत्या कामाला कोणती वस्तू सगळ्यात चांगली याची लांबलचक यादी आहे. बळ देणाऱ्या वस्तूंमध्ये तिथे कोंबड्याचं नाव आहे आणि तृप्त करणाऱ्यांमध्ये मांसरसाचं. पण एक गोष्ट नीट ऐका. ताप भरला की लगेच मांसरस पाजा, असं त्यात नाही. तापात सुरुवातीला लंघन, मग पेज, आणि पोटातला अग्नी जागा झाला, माणूस अशक्त झालेला असला, की मग मांसरस. म्हणजे तो ताप उतरवणारा नव्हे, उठून बसवणारा मानला होता. आपल्याकडे ही दोन कामं सर्रास एक केली जातात.

क्षयरोगाच्या, म्हणजे आपल्या टीबीच्या, प्रकरणात तर चरकसंहितेची कमालच आहे. रोगी झिजत चालला आहे, त्याला मांस द्यायला हवं, पण चांगलं मांस मिळत नाही. तर वैद्यानं काय करावं? कावळ्याचं मांस तित्तिर म्हणून द्यावं, साप मासा म्हणून द्यावा, भाजलेले गांडूळ माशाचं आतडं म्हणून वाढावेत, पण खरं नाव सांगू नये. नाहीतर त्याला किळस येईल आणि तो ओकून टाकेल. हसू येतं खरं. पण झिजणाऱ्या माणसाच्या पोटात काहीतरी भरीव गेलंच पाहिजे, ही त्या वैद्याची तळमळ त्यातून दिसते. टीबीकडे मी शेवटी परत येणार आहे.

आता इजिप्तला जाऊ. साधारण साडेआठशे वर्षांपूर्वी कैरोजवळ फुस्तात गावात मोशे बेन मैमोन नावाचा एक ज्यू विद्वान राहायचा. युरोपात त्याला मैमोनिडीस म्हणतात. ज्यू म्हणजे कोण, असं कुणी विचारेल. आपल्या रायगडच्या किनारपट्टीवर तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी काम न करणारे 'शनवार तेली' होते ना, घरात मराठी बोलणारे बेने इस्रायली, त्यांचाच हा धर्म. मैमोनिडीसचा जन्म स्पेनमधला. धर्मावरून छळ सुरू झाला म्हणून घरदार सोडून ते कुटुंब फिरत फिरत इजिप्तला पोचलं. हा धर्मग्रंथांचा अभ्यास करायचा आणि धाकटा भाऊ डेव्हिड हिरे-माणकांचा व्यापार करून घर चालवायचा. हा भाऊ भारताकडे व्यापाराला निघाला आणि हिंदी महासागरात बुडून गेला. घरातला कमावता हात गेला, पैसाही बुडाला. त्या धक्क्यानं मैमोनिडीस वर्षभर अंथरुणाला खिळला होता, असं त्यानं स्वतःच एका पत्रात लिहिलं आहे. मागे भावाची बायको आणि लहान मुलगी. मग पोटासाठी त्यानं वैद्यकी धरली आणि पुढे तो सुलतान सलाउद्दीनच्या दरबारातल्या लोकांचा वैद्य झाला. १२०४ मध्ये तो वारला.

त्याच्या लिखाणात कोंबडीच्या सुपाची शिफारस ठिकठिकाणी आहे. आजारातून उठणाऱ्या अशक्त माणसाला, झिजलेल्या शरीराला, दम्याच्या रोग्याला ते द्यावं. कोंबडी फार जून नको, दोन वर्षांच्या आतली असावी, आणि अगदी पिल्लूही नको. हे ज्ञान त्याचं एकट्याचं नव्हतं. ग्रीक वैद्य आणि अरबी-फारसी हकीम यांच्याकडून ते चालत आलेलं होतं. त्यांचा हिशेब असा, की शरीरात चार रस असतात, ते उष्ण-थंड, ओले-कोरडे असतात, आणि बिघडलेला तोल कोंबडीचं सूप जागेवर आणतं. आपल्या वात-पित्त-कफाची आठवण येते ना? पण तोच मैमोनिडीस हेही सांगतो की हे सूप कुष्ठरोगावर चालतं. आता आपल्याला माहीत आहे की कुष्ठरोग जंतूंमुळे होतो आणि तो गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. सूप पिऊन तो बरा होत नाही. चांगला वैद्य होता, पण आवडत्या औषधाच्या पदरात त्यानं जरा जास्तच माप घातलं. हे सगळ्याच काळात होतं.

पुढे पूर्व युरोपातल्या ज्यू घरांत कोंबडीचं सूप घरोघरचं झालं. शुक्रवारी सूर्य मावळला की त्यांचा विश्रांतीचा दिवस सुरू होतो, त्या रात्रीच्या जेवणात हे सूप. यात बायकांचा व्यवहार होता. अंडी द्यायची थांबलेली जून कोंबडी भाजून खाण्यासारखी राहत नाही, दात लागत नाहीत. ती तास न् तास मंद आचेवर उकळायची, म्हणजे एका पक्ष्यात सगळं घर जेवतं. मैमोनिडीसचा दोन वर्षांचा नियम गरिबाघरी कोण पाळणार! त्या लोकांत एक म्हण आहे. गरीब माणूस कोंबडी खाताना दिसला, तर समजावं की दोघांपैकी एक आजारी आहे, माणूस नाहीतर कोंबडी. पुढे ही माणसं अमेरिकेत गेली, सूप सोबत नेलं, आणि तिथे त्याला थट्टेनं 'ज्यूंचं पेनिसिलीन' असं नाव पडलं.

ही म्हण ऐकली की मला आपल्या नंदुरबार जिल्ह्यातलं नवापूर आठवतं. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू तिथेच सापडला होता. लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या, परसातल्यासुद्धा. तेव्हा इथे थांबून एक सांगते. पेंगणारी, नाकातोंडातून पाणी गळणारी, अचानक मेलेली कोंबडी 'वाया कशाला घालवायची' म्हणून शिजवायची नाही. शिजवल्यावर विषाणू मरतो हे खरं, पण कापताना, पिसं काढताना बाईचे हात, नाक, तोंड त्याच्यात असतं. एका वेळी दोन-चार मेल्या तर पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायचं. माणूस आजारी असेल तर कोंबडी तरी धडधाकट हवी.

आता गोष्टीचा सगळ्यात महत्त्वाचा भाग. तो कोंबडीचा नाही, हाडांचा आहे.

आपल्या सगळ्यांच्या घरी कुकर आहे. त्याचा पणजोबा १६७९ मध्ये लंडनमध्ये तयार झाला. दनी पापँ नावाच्या फ्रेंच माणसानं घट्ट झाकणाचं लोखंडी भांडं बनवलं. आत वाफ कोंडली की पाणी नेहमीपेक्षा जास्त तापतं आणि कडक हाडंसुद्धा मऊ होतात. भांडं फुटू नये म्हणून त्यानं वजनानं दाबलेली झडप बसवली, जास्त वाफ झाली की झडप उचलली जाणार. आपल्या शिट्टीची ही सुरुवात. हा खटाटोप त्यानं कशासाठी केला? फेकून दिल्या जाणाऱ्या हाडांतून गरिबांसाठी अन्न काढावं म्हणून.

ही कल्पना पुढे फ्रान्समध्ये फार वाढली. हाडं उकळली की पाणी गार झाल्यावर थलथलीत घट्ट होतं. पायाचं सूप रात्रभर राहिलं की होतं ना, तसं. त्या घट्ट पदार्थाला जिलेटिन म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला दार्से नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं हाडांपासून जिलेटिन काढायची मोठी यंत्रं बसवली आणि पॅरिसच्या इस्पितळांत रोग्यांना, गरिबांना त्याचं सूप मिळायला लागलं. हिशेब छान होता. मांस महाग, हाडं फुकट, आणि दोन्हीच्या पाण्यात सारखाच कस आहे असं मानायचं. इस्पितळाचा खर्च वाचला.

पण रोगी धड होईनात, तक्रारी वाढल्या. शेवटी विज्ञान अकादमीनं एक समिती नेमली आणि माजांदी नावाच्या डॉक्टरांनी ते काम हातात घेतलं. दहा वर्षं कुत्र्यांवर प्रयोग झाले. नुसत्या जिलेटिनवर ठेवलेली कुत्री खंगत गेली. काहींनी तर काही दिवसांनी त्याला तोंडच लावलं नाही. १८४१ मध्ये अहवाल आला, की जिलेटिन एकट्यानं जीव धरू शकत नाही. त्यात काहीच नाही असं नव्हे, पण शरीराला लागणारं सगळं त्यात नाही. आज आपण म्हणू, जिलेटिन हे अपुरं प्रथिन आहे.

बघा ना, त्यांनी गरिबाला मांसाचं पाणी दिलं आणि म्हटलं की मांसच दिलं.

आता आपल्या स्वयंपाकघरात या. अळणी पाणी रोग्याला, आणि फोडी? फोडी धडधाकट माणसांच्या ताटात. 'सगळा कस पाण्यात उतरतो' असं आपण ठामपणे म्हणतो. उतरत नाही, बायांनो. पाण्यात मीठ उतरतं, चव उतरते, थोडी चरबी, थोडं जिलेटिन उतरतं. प्रथिनांचा मोठा वाटा फोडींमध्येच राहतो. १०० ग्रॅम शिजलेल्या कोंबडीत साधारण २५ ग्रॅम प्रथिनं असतात, एका अंड्यात सुमारे ६. पातळ पाण्याच्या वाटीत त्यामानानं फारच थोडी. हाडांतल्या कॅल्शियमचंही तसंच. पाय मोडला की पायाचं सूप द्यायची आपली पद्धत आहे. चव म्हणून जरूर द्या, पण उकळून पाण्यात उतरणारं कॅल्शियम नगण्य असतं. नाचणीची भाकरी आणि पेलाभर दूध त्याच्या कितीतरी पुढे आहे. रोग्याला चावत नसेल तर फोडी बारीक कुस्करून त्याच पाण्यात, मऊ भातात कालवून द्याव्यात. त्यासाठी जास्तीचा पैसा लागत नाही, ताट वाढताना हात जरा वेगळीकडे वळवावा लागतो इतकंच.

इंग्लंडमध्येही हेच वेड होतं, तिथे गुराच्या मांसाच्या पाण्याचं. फ्लॉरेन्स नाइटिंगेल हे नाव आपल्या परिचारिका ताईंमुळे सगळ्यांना ठाऊक आहे. क्रिमियाच्या युद्धात तिनं हजारो जखमी शिपायांची शुश्रूषा पाहिली. १८५९ मध्ये रुग्णसेवेवर लिहिलेल्या पुस्तकात तिनं सरळ सांगितलं, की मांसाचं पाणी हे रोग्याचं सगळ्यात पौष्टिक अन्न आहे ही लोकांची चूक आहे, ते आटवून बघा, खाली जेमतेम चमचाभर उरतं. पण ती बाई अनुभवाची. त्याच दमात ती हेही म्हणते, की या पाण्यात रोग्याला उभारी देणारं काहीतरी आहे खरं. म्हणजे पोषण कमी, पण उपयोग आहे. मला विचाराल तर या सगळ्या पुरुष पंडितांपेक्षा तिचं उत्तर जास्त शहाणपणाचं आहे, कारण ती रोग्याच्या उशाशी बसलेली होती.

ते 'काहीतरी' काय, हे शोधायला पुढची सव्वाशे वर्षं गेली.

१९७८ मध्ये अमेरिकेतल्या मायामी बीचच्या माउंट सायनाय दवाखान्यात डॉ. मार्विन सॅकनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. १५ निरोगी माणसं घेतली. त्यांना कधी थंड पाणी, कधी गरम पाणी, तर कधी गरम कोंबडीचं सूप प्यायला दिलं, आणि नाकातला शेंबूड किती वेगानं पुढे सरकतो ते मोजलं. ऐकायला कसंतरी वाटतं, पण सर्दीत आपला जीव तिथेच अडकलेला असतो. शेंबूड वाहता राहिला तर जंतू बाहेर पडतात, साचला तर त्रास वाढतो. गरम पाण्यानं वेग मिनिटाला ६.२ मिलिमीटरवरून ८.४ वर गेला. सुपानं ६.९ वरून ९.२ वर. थंड पाण्यानं मात्र ७.३ वरून ४.५ वर खाली आला. सुपात वाफेशिवाय वास-चवीचाही काही गुण असावा असं त्यांना वाटलं. पण अर्ध्या तासात वेग पुन्हा होता तिथे आला. म्हणून तर एकदा वाडगाभर पाजून भागत नाही, दिवसातून तीन-चारदा थोडं थोडं गरम पाजावं लागतं.

मग २००० साली नेब्रास्का विद्यापीठातल्या डॉ. स्टीफन रेनार्ड यांचा अभ्यास छापून आला. त्यांच्या घरी पत्नीच्या आजीच्या कृतीनं सूप व्हायचं. आजी मूळची लिथुआनिया देशाची. कोंबडी, कांदे, रताळी, गाजरं, सलगम, अजमोद्याची पानं, असं सगळं त्यात. त्यांनी तेच सूप घरी करून प्रयोगशाळेत नेलं. सर्दी झाली की आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी नाका-घशाकडे धाव घेतात. तिथे सूज येते, नाक गळतं, घसा दुखतो. सर्दीचा निम्मा त्रास विषाणूपेक्षा या धावपळीचाच असतो. सुपामुळे काचेच्या भांड्यात या पेशींची धाव मंदावली. सूज कमी करण्याचा थोडा गुण सुपात असू शकेल, असं त्यावरून म्हणता येतं. पण ते काचेच्या भांड्यात झालं, माणसाच्या अंगात नाही, हे रेनार्ड यांच्याही लक्षात होतं. सर्दी सुपामुळे दोन दिवस आधी बरी होते, असं या अभ्यासानं दाखवलेलं नाही.

माळकरी मैत्रिणींनो, तुम्हाला थांबवून ठेवलं होतं ते यासाठी. रेनार्ड यांनी भाज्याही वेगळ्या तपासल्या. नुसत्या भाज्यांच्या पाण्यातही तो गुण दिसला. आणि सॅकनर यांच्या प्रयोगात नुसत्या गरम पाण्यानंही नाक मोकळं झालं होतं. इंग्लंडशेजारच्या वेल्समध्ये कार्डिफ विद्यापीठात २००८ मध्ये ३० सर्दीवाल्यांना फळांचं सरबत गरम आणि साधं देऊन तुलना केली. गरम घेतल्यावर नाक गळणं, खोकला, शिंका, घशाची खवखव, थकवा सगळ्यात लगेच बरं वाटलं. मोजणीत नाकातली हवा काही वाढलेली नव्हती, पण जिवाला आराम पडला. तेव्हा हुलग्याचं कढण, मुगाचं पाणी, टोमॅटोचं सार, जिरं घातलेली पेज, काहीही चालेल. गरम हवं, पातळ हवं, चिमूटभर मीठ हवं, आणि वासानं भूक चाळवायला हवी. कढणात हुलगे गाळून टाकू नका, वाटून घाला, म्हणजे प्रथिनंही पोटात जातील. फोडींची गोष्ट तीच हुलग्यांची.

आता जिथे सूप चालत नाही ते सांगते. बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल तर त्याला फक्त आईचं दूध, चमचाभर सूपही नाही. रक्तदाबवाल्यांनी पाकिटातल्या सुपाच्या पावडरी टाळाव्यात, त्यात मीठ फार असतं. आणि जुलाब-उलट्या होत असतील तर नुसत्या अळणी पाण्यावर विसंबायचं नाही. आतड्याला मिठाचं पाणी ओढून घ्यायला साखरेचा किंवा भाताच्या पिठूळ अंशाचा हात लागतो. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकीची साथ आली, सलाइन संपत आलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोजचं पाणी पिंपात कालवून घरच्याच माणसांच्या हातानं रोग्यांना पाजलं. अशा रोग्यांत मरणाचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास जायचं, ते चार टक्क्यांच्या खाली आलं. तीच आज आशाताईकडे मिळणारी ओआरएसची पुडी. ताप तीन दिवसांच्या वर गेला, धाप लागली, मूल पीत नाही, झोपेतून उठत नाही, तर चूल पेटवण्याआधी दवाखाना.

एक गोष्ट या सगळ्या इतिहासात मला खुपते. ग्रंथ लिहिले वैद्यांनी, यंत्रं काढली शास्त्रज्ञांनी, आणि तीन तास आचेपुढे बसल्या त्या बायका. एका आजीची कृती मासिकात आली तीही नातजावयाच्या हातून. आणि सूप प्यायला कोण? घरातला पुरुष झोपला तर कोंबडी कापली जाते. पोरगं झोपलं तरी कापली जाते. बाळंतिणीचंही होतं, कारण बाळाला दूध हवं असतं. पण चाळिशीची बाई तापानं फणफणली तर? ती डोक्याला फडकं बांधून भाकऱ्या थापते, आणि कोंबडी केलीच तर तिच्या वाट्याला तळाचा रस्सा येतो. आपल्या राज्यात निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, हे सरकारी पाहणीतच आलंय. गटाच्या एखाद्या बैठकीत कर्जाचा विषय संपला की हे एकदा एकमेकींना विचारून बघा, तुम्ही आजारी असताना तुम्हाला शेवटचं गरम काही कुणी करून दिलं आणि कधी.

आता टीबीकडे. चरकाच्या काळापासून झिजणाऱ्या रोग्याला खायला घाला असं सांगितलं गेलं. पण खाण्यानं नेमका किती फरक पडतो, हे आपल्याच देशात अलीकडे मोजलं गेलं. झारखंडच्या चार जिल्ह्यांत टीबीच्या २८०० रोग्यांना औषधाबरोबर दर महिन्याला १० किलोची शिधापिशवी दिली. तांदूळ, डाळ, दूध पावडर, तेल. निम्म्या रोग्यांच्या घरच्यांनाही शिधा दिला, मोठ्या माणसामागे महिन्याला ५ किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ. २०२३ मध्ये निकाल छापून आले. ज्या घरांतल्या सगळ्यांना शिधा मिळाला, तिथे घरच्यांना नव्यानं टीबी होण्याचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी होतं. पिशवीत कोंबडी नव्हती, सूप नव्हतं. भात आणि डाळ होती, आणि ती पाणी गाळून नव्हे, सगळीच्या सगळी खायची होती. औषधं मात्र सोबत चालूच होती, हेही ध्यानात ठेवा.

सरकारची निक्षय पोषण योजना याच कामासाठी आहे. एप्रिल २०१८ पासून टीबीच्या रोग्याला उपचार चालू असेपर्यंत महिन्याला ५०० रुपये खात्यात मिळायचे. नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० रुपये झाले. आपल्या गावात कुणाचे उपचार चालू असतील तर बँकेचं पासबुक आणि आधार घेऊन आशाताईबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि नाव नोंदलं आहे का, पैसे जमा होतात का, ते बघून घ्या. रोगी बाई असेल तर पासबुक तिच्या नावाचं आहे ना, हे आधी बघा.